रूपजीला पाडायचं कुणी

फाल्गुन लागला की जव्हारच्या घराघरांत धूर शिरतो. भोवतालच्या पाड्यांवर राब भाजायला सुरुवात झालेली असते. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या रचायच्या, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, हे मी शाळेत मुलांना शिकवलेलंही आहे. पण धूर तो धूरच. वाळत टाकलेली पातळं दुसऱ्यांदा धुवावी लागतात, डोळे चुरचुरतात, खोकल्याने जीव मेटाकुटीला येतो. सून म्हणते, आई, खिडकी तरी लावून घ्या. मी हो म्हणते आणि लावत नाही. उठायचा कंटाळा येतो. आताशा मला बहुतेक गोष्टींचा कंटाळाच येतो, आणि तो लपवायचाही कंटाळा येतो.

मधूनच कुणीतरी येतं आणि विचारतं, बाई, संस्थान विलीन झालं तेव्हा तुम्ही होतात ना इथे, कसं वाटलं? त्यांना वाटतं मी काहीतरी डोळ्यांत पाणी आणून सांगेन. काय सांगणार? कचेरीवरची पाटी बदलली. साहेब बदलले. आधी अर्ज एका खिडकीवर घेत, नंतर दुसऱ्या खिडकीवर घ्यायला लागले. लोक म्हणाले आता आपण मुंबई राज्यात, ठाणे जिल्ह्यात, आणि आपापल्या कामाला गेले. आमच्या घरात मात्र एक गोष्ट झाली. आमचे हे सकाळी उठून दाढी करायचे आणि मग दारात नुसते उभे राहायचे, कारण जायचं कुठे हेच ठरलेलं नव्हतं.

हे संस्थानच्या शिबंदीत होते, म्हणजे राजाच्या पदरी जी छोटीशी फौज असते तीत. त्याआधी मोठ्या लढाईत इटलीला जाऊन आले होते. तिथे नाईक हा हुद्दा मिळाला, म्हणून गावातले सगळे त्यांना नाईकच म्हणत. मी कधी नाव घेतलं नाही. तशी पद्धत नव्हती. आता माणूस राहिला नाही, पद्धतही राहिली नाही, तरी जीभ वळत नाही. म्हणून इथेही हे म्हणजे हेच.

विलीनीकरण झालं तसं शिबंदी मोडली. खाकी कपडे, पट्टे, बूट सगळं जमा करून घेतलं. काही जणांना पोलिसांत घेऊ म्हणाले, बाकीच्यांना कळवू म्हणाले. कळवू म्हटलेली माणसं रोज जुन्या कवायतीच्या मैदानावर येऊन बसायची. चाळिशीच्या आतले धडधाकट गडी, धोतरं नेसून, झाडाखाली, हात गुडघ्यांवर ठेवून. मला त्यांच्याकडे बघवत नसे. बायकांच्या हाताला कामाचा तोटा कधीच नसतो, त्यामुळे रिकामा बसलेला पुरुष बघितला की आधी राग येतो आणि मग दया. माझा राग लवकर जात नसे.

लढाईत यांच्याकडे बंदूक फारशी नव्हतीच. हे खेचरांच्या तुकडीत होते. इटलीत म्हणे डोंगरच डोंगर, चिखल, हिवाळा. मोटारी वर जायच्या नाहीत. तेव्हा डोंगरावर बसलेल्या पलटणींना दाणागोटा आणि दारूगोळा खेचरांवरून पोचवायचा. वर कॅनडाचे सैनिक असायचे. यांना आधी वाटलं गोरे म्हणजे सगळे इंग्रजच. मग कळलं की हे वेगळ्या मुलखातले, शेतकऱ्यांची आणि लाकूडतोड्यांची पोरं, घरी सहा सहा महिने बर्फ. साहेबी तोरा कमी. खेचरावरून सामान उतरवायला स्वतः हात लावायचे. वर जाताना सामान घेऊन जायचं आणि खाली येताना खेचर रिकामं येत नसे. खाली येताना मेलेले असत. पुढचं मी विचारलं नाही. रात्री झोपेत खेचरांना हाका मारायचे, त्यावरून काय ते समजत होतं.

त्याच तुकडीत रूपजी होता. मोखाड्याच्या वाटेवर एक पाडा आहे, तिथला. ठेंगणा, रुंद खांद्याचा, बोलायला अगदी कमी. दोघं एकाच वेळी भरती झाले, एकाच बोटीतून गेले आणि एकाच बोटीतून आले. रूपजी बाजाराच्या दिवशी जव्हारला आला की आमच्याकडे यायचा. ओटीवर बसायचा. मी चहा दिला की प्यायचा, मग कप स्वतः राखेने घासून इतर भांड्यांपासून लांब, उंबऱ्याच्या कडेला पालथा घालून ठेवायचा. मी म्हणायची, अहो राहू द्या, मी घासते. तो मान हलवायचा. मला वाटायचं लाजतो. बरेच महिने मला तसंच वाटत होतं.

आमच्या घरात एक चामड्याचा चेंडू खुंटीला टांगलेला असे. दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगीर, थेट पपईसारखा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की हे कातडं कसलं. यांनी सांगितलं, मला काय माहीत, मी विचारलं नाही. त्यावर सासूबाईंनी तो स्वयंपाकघरापासून लांब टांगायला लावला. हा चेंडू रूपजीचा. घरी न्यायचा नाही म्हणून त्याने आमच्याकडे ठेवलेला. त्याची हकीकत हे फार रंगवून सांगायचे, आणि लढाईतली तेवढी एकच हकीकत ते हसून सांगायचे.

झालं होतं असं की दोन मोहिमांच्या मधे कॅनडावाल्यांच्या दोन पलटणी खाली विश्रांतीला आल्या होत्या. एका गावाबाहेर चिखलाचं रान होतं, कडेने ऑलिव्हची झाडं. आमची माणसं खेचरांना पाणी पाजून परत येत होती. बघतात तर रानात दोन्ही पलटणींचे जवान एकमेकांच्या अंगावर धावून जातायत, कमरेला मिठ्या मारून आपटतायत, एकावर एक ढीग पडलाय. यांना वाटलं दंगल पेटली. बाकीचे बघत राहिले, पण रूपजी खेचराची दोरी टाकून सोडवायला धावला. मधे घुसला मात्र, नेमका तो पपईसारखा चेंडू त्याच्याच छातीवर येऊन आदळला. त्याने धरला. आणि पुढच्या क्षणी पाचसहा गोऱ्यांनी त्याला चिखलात लोळवलं. मग सगळे खो खो हसले, त्याला हाताला धरून उठवलं, पाठीत थापट्या मारल्या, तोंडावरचा चिखल कुणीतरी स्वतःच्या बाहीने पुसला. खेळ होता तो. पलटणींचे संघ होते. नंतर विश्रांती असेल तेव्हा आमचे हे मुद्दाम बघायला जायचे आणि नियम समजून घ्यायचे. त्या पलटणी हलल्या तेव्हा चेंडू रूपजीला देऊन गेल्या.

इथवर हसून व्हायचं. पुढचं मला खुद्द रूपजीने सांगितलं, कधीतरी दुपारी, हे घरात नसताना. मी सहज म्हटलं होतं, चेंडू देऊन गेले म्हणजे तुमच्यावर जीव होता त्यांचा.

"बाय, त्यांनी मला पाडला न् हाताला धरून उठवला," तो म्हणाला. "त्यातल्या काहींनला मंग मीच खाली आणला. खेचरावर बांधून. त्वांडं वळखीची होती."

मग त्याने कप घासला, पालथा घातला आणि गेला. त्या दिवशी मी यांना विचारलं की रूपजीच्या घरी काही आहे का. तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्या पाड्यावर मेलेल्याला हात लावला तर त्याचे विधी असतात. भगत, म्हणजे गावचा देवाधर्माचं बघणारा म्हातारा, मेलेल्याचं नाव घेतो, त्याच्या गावाचं, त्याच्या कुळाचं नाव घेतो आणि त्याला वाटेला लावतो. मग खांदा देणारे मोकळे होतात. रूपजी लढाईवरून आला आणि त्याने भगताला जे खरं ते सांगून टाकलं. भगत वाईट माणूस नव्हता. तो दिवसभर बसला, विचार करत राहिला आणि शेवटी हात टेकले. म्हणाला, ज्याचं नाव ठावं नाय, देव ठावा नाय, गाव कुठल्या दिशेला ते ठावं नाय, त्याला मी लावू कुठल्या वाटेला? ते तुझ्या अंगावरच हायेत. तेव्हापासून पाड्यावर रूपजीला कुणी शिवत नव्हतं. त्याला कुणी हाकललं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. भाकरी द्यायचे, बोलायचे, कामाला बरोबर घ्यायचे. फक्त हात लावायचा नाही. विळा द्यायचा तर जमिनीवर ठेवायचा, तो उचलून घेणार. धाकट्या भावाची, लहानूची पोरं त्याच्याजवळ आली की त्यांची आई हाक मारून बोलावून घ्यायची. आणि रूपजी स्वतः सगळ्यांपेक्षा कडक. आपल्यामुळे कुणाला काही होऊ नये म्हणून तोच लांब सरायचा.

आमच्या यांना घरी आल्यावर सासूबाईंनी अंगणात उभं केलं, गोमूत्र शिंपडलं, ऊन ऊन पाण्याने आंघोळ घातली आणि झालं. मेलेल्यांबद्दल आम्हाला कुणी विचारलंच नाही. म्हणून मी त्या पाड्याला कधी नावं ठेवली नाहीत. ते निदान त्या मेलेल्यांचा विचार करत होते.

पण रूपजीच्या घराकडे बोहाड्यात भीमाचं सोंग होतं. आमच्याकडे होळीनंतर गावोगाव बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठे मोठे मुखवटे डोक्याला बांधून, वाजंत्री लावून नाचवतात. प्रत्येक सोंग एकेका घराण्याचं. बापाकडून थोरल्याकडे येतं. मुखवटा इतका जड की स्वतःच्या हाताने बांधता येत नाही. भावकीने बांधायचा, आणि नाचणाऱ्याला खालचं दिसत नाही म्हणून दोघांनी दोन्ही बाजूंनी त्याच्या कमरेला धरून चालायचं. ज्याला कुणी शिवत नाही त्याने सोंग कसं नाचवायचं? रूपजी लढाईवर गेल्यापासून भीम माळ्यावर गुंडाळून पडला होता. भगताने सांगितलं होतं की देवाला किती दिवस बांधून ठेवायचं, ह्या साली जमलं तर जमलं, नाहीतर सोंग दुसऱ्या घरात जाईल. ती नवी पाटी, तो नवा जिल्हा, याचं त्या पाड्यावर कुणाला काही नव्हतं. त्यांच्या घरचा भीम जाणार की राहणार, याने मात्र रूपजीची आई जेवेनाशी झाली होती.

हे सगळं सांगून झाल्यावर आमचे हे उठले, खुंटीवरचा चेंडू काढला आणि दाबून बघितला. आतली रबरी पिशवी कधीच कुजली होती. काटेसावरीची बोंडं तेव्हा फुटायला लागली होती. यांनी मला तो कापूस भरायला लावला. मी कुरकुरत भरला, वरून दाभणाने शिवला. उसळी मारत नव्हता, पण हातात धरून पळायला चालत होता. मी विचारलं, ह्या वयात हे काय नवीन? तेव्हा ते म्हणाले, "अगं, त्या खेळात कुणी कुणाला शिवलं नाही असं होतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मैदानावरच्या रिकाम्या गड्यांना उठवलं. जव्हारची एक बाजू त्यांची, दुसरी बाजू रूपजीच्या पाड्याची. खेळायची जागा म्हणजे कापणी झालेली भाताची खाचरं. नियम यांनी असे बसवले: चेंडू काखेत मारून पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं. पाडला की थांबायचं, उठायचं, पुन्हा दोन्ही बाजूंनी समोरासमोर उभं राहायचं. कॅनडावाल्यांना म्हणे तीन डावांत दहा वार पुढे जावं लागे. आमच्याकडे वार कोण मोजणार? यांनी सांगितलं, तीन डावांत एक बांध ओलांडायचा. नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना. शेवटच्या खाचराच्या पलीकडे राबाची राख ओढून रेघ मारलेली, ती ओलांडली की घर झालं. स्वतः हे मधे शिट्टी घेऊन, कारण इटलीत खेचराखाली सापडून त्यांचा गुडघा गेलेला होता.

आणि ते खेळले हो. मला अजून नवल वाटतं. पायात काही नाही, भाताची धसकटं तळव्यांना टोचतायत, धुराने समोरचं धड दिसत नाही, आणि हे बापे एकमेकांना आपटतायत. शिबंदीतले तर पेटलेच. पट्टे काढून घेतल्यापासून जे काही आत साचलं होतं ते तिथे निघालं असावं. ढोपरं फुटली, एकाचा दात पडला. मी बांधावर भाकऱ्या घेऊन बसायची आणि मनात म्हणायची, जळ्ळा मेला खेळ. पण दुसऱ्या खेपेला बोलावलं की जायची.

फक्त रूपजीच्या हातात चेंडू आला की सगळं बदलायचं. पाड्याची माणसं बाजूला सरायची. जव्हारवाल्यांना आधी माहीत नव्हतं, पण असल्या गोष्टी पसरायला किती वेळ लागतो? तेही सरायचे. एकाने सवयीने त्याच्या सदऱ्याला धरलं आणि खेळ संपायच्या आत ओहोळावर जाऊन डोकं भिजवून आला. रूपजी पळायचा. पुढे वाट मोकळी होत जायची. तो बांध ओलांडायचा, दुसरा ओलांडायचा, राखेच्या रेघेपलीकडे जायचा, चेंडू खाली ठेवायचा आणि तिथे एकटाच उभा राहायचा. घर झालं म्हणून कडेचे लोक आरडाओरडा करायचे. लांबून आलेल्यांना वाटायचं हा काय पळणारा गडी आहे, कुणाच्या हाताला लागत नाही. हे शिट्टी वाजवायचे आणि खाली मान घालायचे. यांच्या सगळ्या बेतावर पाणी पडत होतं. मी एकदा न राहवून म्हटलं, तुम्हीच का नाही पाडत? ते म्हणाले, मी पाडून काय उपयोग, मीही त्यातलाच.

मधेच आठवलं म्हणून सांगते, हा खेळ पुढे टिकला नाही. पुढच्या वर्षी पाड्यावरचे निम्मे गडी गवत कापायला आणि मिठागरांवर खाली गेले. शिबंदीतल्या काहींना पोलिसांत घेतलं, ते बदल्यांवर गेले. यांना जंगल खात्यात रखवालदारी मिळाली आणि मला शाळा मिळाली. पहिली शाळा जामसरला. दिवसभर पोरांना बाराखडी घोकवायची, संध्याकाळी चूल, त्यात पाळणा हलत राहिलेला. मग रस्ता झाला, गाड्या आल्या, आणि आमच्या डोक्याचे केस पिकले. कोणी विचारलं की ते दिवस चांगले होते का, तर मला खरंच सांगता येत नाही. दमलेली होते एवढं आठवतं. तेव्हाही दमलेलीच होते, फक्त तेव्हा एका झोपेत भागायचं.

बोहाड्याच्या आदल्या दिवशी शेवटचा खेळ रूपजीच्या पाड्यावर ठरला. लाकडाच्या ट्रकमधून आम्ही गेलो. लाकडं उतरवून परतणारा ट्रक, फळ्यांना चिकटलेली साल अंगाला टोचत होती. रूपजीच्या घरी उतरलो. त्याच्या आईने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. रूपजी दाराबाहेर उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्या पाठीवरचा हात तसाच ठेवला. मला तो हात नकोसा झाला. हक्काचा माणूस समोर असताना तो मला कशाला, असं झालं.

दुपारी खेळ सुरू झाला. भगतही येऊन बांधावर बसला. ऊन उतरलं तरी कुणाचं कुणावर घर होत नव्हतं. मग चेंडू रूपजीकडे आला आणि नेहमीसारखी वाट मोकळी झाली. तो पळाला. पहिला बांध ओलांडला, दुसरा ओलांडला. राखेची रेघ समोर होती. तिथे तो थांबला. रेघेकडे बघितलं, आणि मागे फिरला.

चेंडू काखेत धरून तो आपल्याच माणसांकडे चालत यायला लागला. पळत नव्हता, चालत होता. ती माणसं मागे सरली. तो आणखी पुढे आला, ती आणखी मागे सरली. दोन्ही बाजूंची मिळून वीसबावीस माणसं, काल एकमेकांची ढोपरं फोडणारी, एका माणसापुढून मागे मागे सरत बांधापर्यंत गेली. कडेचे लोक आता ओरडत नव्हते. हे शिट्टी तोंडात धरून उभे होते, वाजवत नव्हते. काही जण बांधावर चढून पलीकडे उतरले. लहानूच्या मागे मात्र सागाचा बुंधा आला आणि तो तिथे अडकला. रूपजी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला, हात-दोन हातांच्या अंतरावर.

"पाड ना रं, लहान्या," तो म्हणाला. "खेळ हाय."

लहानूने भगताकडे बघितलं. भगत जमिनीकडे बघत होता. लहानूने आईकडे बघितलं असेल, मला दिसलं नाही, कारण मी आईकडेच बघत होते आणि तिने पदर तोंडात कोंबला होता. मग लहानू वाकला. त्याने दोन्ही हातांनी भावाच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं धसकटांत पडले. पाडायचं कसं ते इतके दिवस खेळून त्याला चांगलं येत होतं, पण पडल्यावर त्याने सोडलं नाही. पाडला की थांबायचं, असा नियम होता. सगळे थांबले. यांनी शिट्टी वाजवायला पाहिजे होती, ती वाजवली नाही. बऱ्याच वेळाने लहानू उठला, आणि त्याने हाताला धरून भावाला उठवलं. चेंडू कुठे गेला ते कुणी बघितलं नाही. पाड्यावरचे लोक आपापल्या घरी गेले.

मला वाटलं, झालं, आता उद्या भीम रूपजीच्या डोक्याला बांधतील. तसं काही झालं नाही. भगताने संध्याकाळी निरोप पाठवला. सोंग द्यायचं ते दुसऱ्या घराला देऊन झालं होतं, त्या घरच्या पोराने उपास धरला होता, नारळ फुटला होता. दिलेला शब्द मागे घेता येत नाही. लहानूने माळ्यावर चढून मुखवटा खाली काढला आणि दोन्ही हातांवर घेऊन त्या घरी पोचवून आला. आईने दारातच हात जोडले. मला तेव्हा भगताचा, त्या पाड्याचा, आमच्या यांचा, सगळ्यांचा असा संताप आला की जेवणही गेलं नाही. एवढी हाडं मोडून घेतली ती कशाला?

भीमाची पाळी उजाडताना आली. टेंभे विझत आले होते, वाजंत्रीवाल्यांचे गाल दमले होते. राबांचा धूर खाली बसलेला होता. नवा पोरगा, वीसेक वर्षांचा, त्या मुखवट्याखाली कधी गेलेला नव्हता. चार पावलं नाचला आणि झोकांड्या खायला लागला. एका बाजूने लहानूने धरलं होतं, कारण रीत माहीत असलेला तोच होता. दुसऱ्या बाजूचा त्या पोराचा चुलता पार थकला, त्याला वजन पेलेना, तो बाजूला होऊन गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला. वाजंत्री चालूच होती. भीम एका बाजूला कलला. चारपाच जण पुढे झाले, तेव्हा भगताने हात वर करून त्यांना थांबवलं आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.

"रूपजी, तू धर," तो म्हणाला.

रूपजी पुढे गेला. त्याने त्या पोराच्या कमरेला हात घातला, आणि पोराने अंग काढून घेतलं नाही. तिघं मिळून फेरी नाचले, अगदी देवळापर्यंत. फेरी संपली तेव्हा त्या पोराच्यात उभं राहायचंही त्राण उरलं नव्हतं. डोक्यावरच्या मुखवट्यासकट सगळं वजन त्याने रूपजीच्या अंगावर टाकलं आणि डोळे मिटले. कुणीतरी पाणी आणायला धावलं. विहीर खाली ओहोळापाशी, पाणी यायला बराच वेळ लागला. तोवर तो तसाच रूपजीच्या अंगावर रेलून उभा होता.